फाटक्या कोपऱ्याचं पत्र

आमच्या मामंजींबद्दल लोक आता जे सांगतात ते निम्मं खोटं आहे. म्हणे त्यांनी जन्मात कोणावर आवाज चढवला नाही. म्हणे त्यांच्या शाळेत छडी नव्हती. बाप्पा! छडी होती, चांगली निंबाची होती, आणि अजून माझ्या घरात आहे. मांजर हाकलायला मी तीच घेते. माणूस गेला की त्याला देव करून टाकायची लोकांना भारी हौस. मी त्यांची सून. अकराव्या वर्षी बार्शीटाकळीहून अमरावतीला त्यांच्या घरात आले आणि ते जाईपर्यंत त्यांच्या ताटात वाढलं. ते देव नव्हते. एक नंबरचे हट्टी होते. त्यांच्या हट्टापायी माझं काय झालं असतं आणि काय झालं, ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. मला लिहिता येतं, आणि ते कसं येतं हीच तर गोष्ट आहे.

मामंजी पंतोजी होते. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर त्यांनी तीस वर्षं शाळा भरवली. मी आले तेव्हा त्यांनी शाळा सोडून वर्ष झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड कुठं आणि सावली कुठं एवढं कळायचं, अक्षर दिसायचं नाही. डोळे राहिले असते तरी शाळा राहिली नसती म्हणा. साता समुद्रांपलीकडं कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोक पिसाळले नुसते. ज्याच्या घरी धड घोंगडी नव्हती त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. ओसरीवर जिथं पोट्टे पाढे म्हणायचे तिथं कापसाची गाठोडी छतापर्यंत रचली. मारुतीच्या शेंदरावर कापसाचे तंतू चिकटलेले मी पाहिले आहेत.

घरात मामंजी कसे होते ते सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. सकाळी सासूबाई चुलीशी बसल्या की हे दाराच्या आत भिंतीला टेकून बसायचे. शेंगा असल्या तर शेंगा सोलायचे, नाहीतर लसूण. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पंतोजी आणि बायकोला लसूण सोलून देतात! त्यांना काही वाटायचं नाही. सासूबाई जेवायला बसल्याशिवाय हे हात धुवायचे नाहीत, नुसते पाटावर बसून राहायचे. "तू बसली काय? मले ताटाचा आवाज नाही आला," असं विचारायचे. कान असे तिखट की सासूबाईंच्या बांगड्या आणि माझ्या बांगड्या त्यांना वेगळ्या ऐकू यायच्या. मी कितीही हळू गेले तरी म्हणायचे, "सूनबाई, कुठं चालली?" मला राग यायचा. या घरात मला गुपचूप गुळाचा खडासुद्धा खाता यायचा नाही.

आता यांचं सांगते, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मामंजींची इच्छा होती की मुलानं ओसरीवर बसावं. यांना कापसाचं वारं लागलं. अकोल्याला एका व्यापाऱ्याच्या दुकानात कारकुनी मिळाली आणि हे निघाले. बापलेकांचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. मामंजी शेवटी एवढंच म्हणाले, "जा. पण पत्र सोताच्या हातानं लिहायचं. दुसऱ्याच्या हातचं पत्र मी ऐकणार नाही." हे पाया पडले आणि गेले.

पत्रं यायची. अकोल्याहून कापसाच्या गाड्या सुटायच्या, कोणी ना कोणी बडनेऱ्यापर्यंत आणायचा, तिथून दुसरा गाडीवान अमरावतीला. पण वाचायचं कोणी? मामंजींकडं शिकलेले पोट्टे कापसामागं गावोगाव पांगलेले, गल्लीत वाचता येणारे दोनच उरले. एक कारकून, तो दसरा झाला की खामगावच्या बाजारात जायचा तो होळीलाच उगवायचा. दुसरे भटजी. भटजी कागद डोळ्यांपुढं धरायचे, हूं हूं करत शेवटपर्यंत नजर फिरवायचे आणि सांगायचे, "बरं आहे म्हणतो. काळजी करू नका म्हणतो."

"एवढंच?" मामंजी विचारायचे.

"एवढंच."

मामंजी कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चाचपायचे. "दोन्ही अंगानं भरलेलं आहे. शाईचा ओरखडा लागते बोटाले. एवढं लिहिलं पोरानं आणि म्हणे बरं आहे!" भटजी गेले की घरभर त्यांची चिडचिड. लेकरानं लिहिलेलं सगळं ऐकायला मिळत नाही हे त्यांना सोसायचं नाही. एकदा तर पत्रात ताप आल्याचं लिहिलं होतं आणि भटजींनी ते गाळलं. आम्हाला महिन्यानं गाडीवानाच्या तोंडून कळलं की अकोल्यात तापाची साथ आहे आणि आमचाही माणूस आठ दिवस पडून होता.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाई नदीवर गेल्या तेव्हा मला हाक मारली. मी ओट्यावर रेचा फिरवत होते. दोन लाटांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडं जाते, सरकी अलीकडं पडते. त्या दिवसांत घरोघरी बायकांना दुसरं कामच नव्हतं.

"सूनबाई, ती सरकी घे पसाभर आणि घोंगडी अंथर."

मी अंथरली. त्यांनी चाचपत सरकीचा एकेक दाणा घोंगडीवर मांडला. आमच्या सरकीला बारीक केस असतात, घोंगडीवर ती धरून राहते, घरंगळत नाही. मांडून झालं तसं म्हणाले, "हा अ. बोट फिरव याच्यावरून. आता मोड आणि तू मांड. मी बोटानं पाहतो."

मी हात पदराखाली घेतले. मी म्हटलं, "मामंजी, बाई शिकली की तिचं कुंकू जाते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सगळेच. आत्याबाईसुद्धा." आत्याबाई म्हणजे सासूबाई, मी त्यांना तशीच हाक मारायचे.

"तीस वर्षं शिकवलं मी," ते म्हणाले. "अक्षरानं मेलेला एकही माणूस नाही पाहिला. आणि मले घरात वाचणारं माणूस पाहिजे. माझं लेकरू तापानं फणफणते आणि मले कळत नाही, हे मी चालू देणार नाही. मांड."

मी मांडलं. वाकडं आलं. त्यांनी बोटानं पाहिलं आणि घोंगडीचं टोक धरून सगळं उधळून दिलं. "पुन्हा." अशी माझी शाळा सुरू झाली. बाळबोध आधी, मग मोडी. सासूबाई आल्या की आम्ही सरकी निवडत बसलेलो दिसायचो. बैलासाठी सुनेकडून एवढी निवडून सरकी घेणारा सासरा अमरावतीत दुसरा नसेल. सासूबाईंना फसवल्याचं मला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं, पण सोडायचं म्हटलं तरी आता मलाच सोडवत नव्हतं. छडी मात्र ते मांडीशी ठेवायचे. मला मारली नाही कधी, जमिनीवर आपटायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "मामंजी, घोंगडीनं काय घोडं मारलं?" तर हसले. आणि मग दुप्पट मांडायला लावलं.

मोडी अक्षर सुटं लिहीत नाहीत, एकात एक गुंतवत जातात. ते सरकीत मांडणं म्हणजे डोक्याला ताप. मग त्यांनी मला पत्राचे मायने तोंडपाठ करायला लावले. वडिलांना मुलगा कसं लिहितो, भावाला भाऊ कसं लिहितो. "आधी काय येणार ते माहीत असलं की अक्षर ओळखू येते," असं त्यांचं म्हणणं. खरं पत्र मात्र भटजींनी वाचलं की सासूबाई पेटीत कुलपात ठेवायच्या, माझ्या हाती लागायचं नाही. सगळे मायने सांगितले, एक सोडून. मरणाच्या पत्राचा सांगितला नाही. त्याला मायना नसतोच म्हणाले. त्यावर श्री नसते, आणि कागदाचा एक कोपरा फाडलेला असतो. ते पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं. हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं एवढंसं पोरसुद्धा कोपरा फाटलेला कागद पाहिला की लांब पळतं.

मला पंधरावं लागलं असेल. पौष महिना होता, सकाळची उन्हं ओट्यावर आली होती आणि मी रेचा फिरवत होते. रस्त्यावर एक गाडी थांबली. गाडीवान खाली उतरला, लांबूनच म्हणाला, "पंतोजीचं घर हेच ना?" मी मान हलवली. त्यानं मुंडाशातून कागद काढला, ओट्याच्या कडेला ठेवला, उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही. मी पाणी विचारलं तर दोन्ही हात हलवून नाही म्हणाला आणि बैल वळवले. वऱ्हाडात कोणी पाण्याला नाही म्हणत नाही. मी कागदाकडं पाहिलं. वरचा कोपरा फाटलेला होता.

आत्तासुद्धा लिहिताना हात थांबतो. त्या वेळी मी ओरडले नाही की रडले नाही. रेच्याचा दांडा तसाच धरून बसले. अकोल्याहून आमच्याकडं दुसरं कोणाचं पत्र येणार?

पिठानं भरलेले हात घेऊन सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, आणि "माय वं!" म्हणून जी किंकाळी फोडली, ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. त्या खाली कोसळल्या. बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढं शेजारच्या काकू. काकू म्हणजे मामंजींची चुलत भावजय. स्वतः लहानपणी विधवा झालेल्या, आणि गल्लीतलं सगळं रीतीनं व्हावं याची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांना वाटायचं. त्यांनी कागदाला हात लावला नाही. एकीला पाणी काढायला पाठवलं. दुसरीला म्हणाल्या, "वरवंटा आण आतून."

वरवंटा कशाला ते मला माहीत होतं. बांगड्या फोडायला.

काकूंनी मला हाताला धरून ओट्याखाली बसवलं. माझा हात दगडावर ठेवला. मी ठेवू दिला.  बांगड्या दगडाला लागून वाजल्या.

"सूनबाईच्या बांगड्या कोणी धरल्या?"

मामंजी दारात उभे होते. भिंत चाचपत आले होते, एका हातात सोलायला घेतलेल्या तुरीच्या शेंगा तशाच.

"पंतोजी, बसा तुमी," काकू म्हणाल्या. "घात झाला. अकोल्याहून कोपरा फाटलेलं पत्र आलं."

त्यांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. चौकट धरली त्यांनी.  मग म्हणाले, "वाचलं कोणी?"

"वाचायचं काय त्यात? कोपरा..."

"मी विचारून राहिलो, वाचलं कोणी?"

 काकूंनी वरवंटा उचलला. मामंजी ओट्यावरून उतरले, पाय घसरला, पडता पडता सावरले, आणि आवाजाच्या रोखानं येऊन त्यांनी माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला. सासऱ्यानं सुनेच्या हाताला हात लावायचा नसतो. भर गल्लीत, वीस बायकांसमोर, आमच्या पंतोजींनी तो लावला. "आता मार," ते म्हणाले. "आधी माझा हात फोडावा लागते."

"असं काहून करता पंतोजी! रीत आहे ना?"

"रीत असन. वाचल्याशिवाय माझ्या घरात कोणी मरत नाही."

"वाचणार कोण? भटजी चांदूरले श्राद्धाले गेले. उद्या येतीन. तोवर काय हिले सवाष्ण म्हणून मिरवता?"

"सूनबाई वाचन."

 रडणं थांबलं. सासूबाईंनी जमिनीवरून डोकं उचललं. "काय म्हटलं?"

"मी शिकवलं तिले. दोन वर्षं झाली."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवायला सुरुवात केली. पीठ उडत होतं. "म्हणूनच! म्हणूनच गेलं माझं लेकरू! हिनं खाल्लं त्याले! तुमी दोघांनी खाल्लं!"

त्यांचा मला आजही राग नाही. मला तेव्हा तेच वाटत होतं. अ मांडला तेव्हाच मी यांना मारलं असं वाटत होतं.

"वाच," मामंजी म्हणाले.

"नाही येत मामंजी मले."

"येते. वाच."

"नाही वाचणार मी!" मी ओरडले. सासऱ्यावर ओरडले. न वाचता तो कागद तिथंच राहिला तर निदान कोणी तोंडानं तर म्हणणार नाही की हे गेले. हे त्यांना कसं सांगू? आणि मामंजींना माझ्या मनातलं कळत कसं नाही याचा मला संताप आला. "तुमाले पाहिजे ना, तुमीच वाचा!"

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. आवाज खाली आणला. "पोरी, माझे डोळे असते तं तुले सांगितलं नसतं. तो गेला असन तं मी बाप आहे, मले त्याच्या मरणाचं पुरं ऐकायचं आहे. आणि नसन गेला तं या बाया तुह्या हाताले काय करून राहिल्या, ते पाहा. ऊठ. डोळ्यानं जमत नसन तं बोटानं वाच."

मी उठले. खडा बाजूला केला. कागद उघडला. वर जिथं श्री असायची तेवढाच भाग कोपऱ्याबरोबर गेलेला. म्हणजे होती की नव्हती काही कळेना. काळ्या रेघा नुसत्या पोहत होत्या. मी कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, घोंगडीवर ठेवायचे तसं. शाईवरून बोट सरकवत गेले.

"ती... तीर्थ... तीर्थरूप."

"पुढं."

"तीर्थरूप दादा यांचे सेवेशी..." हे वडिलांना दादा म्हणायचे. पण दुकानातल्या कोणीही तेच ऐकून लिहिलं असतं. बोट पुढं गेलं. पुढचं अक्षर मी ओळखलं आणि विश्वास बसेना. पुन्हा गिरवलं. पुन्हा तेच.

"काय आहे पुढं? थांबली काहून?"

"अपत्य," मी म्हटलं.

"पुन्हा वाच."

"अपत्य. अपत्य साष्टांग नमस्कार विनंती विशेष."

मामंजी मातीत मटकन खाली बसले. "अवं, ऐकलं काय तू?" त्यांनी सासूबाईंच्या दिशेनं हात पसरला. "अपत्य म्हणते! लेकरू लिहून राहिलं बापाले! मेलेला माणूस नमस्कार लिहीत नाही!"

बायकांत एकच गलका झाला. काकू हटायला तयार नाहीत. "आधी लिहिलं असन आणि मग कोणी कोपरा..." त्यांना दुष्ट म्हणणार नाही मी. त्यांच्या स्वतःच्या वेळी कोणी काही वाचलं नव्हतं. मामंजी त्यांच्यावर खेकसले, "मग सगळं ऐका! सूनबाई, एक अक्षर सोडलं तं याद राख."

मी सगळं वाचलं. अर्धा पहर गेला असेल. अडखळले की ते म्हणायचे, बोटानं पाहा. मधे पुन्हा ताप आला होता, आता उतरला आहे. आता दोन वेळा भाकरी जाते. संक्रांतीला घरी येतो, आईनं तिळाचे लाडू मऊ करावे, दगडासारखे करू नये. दुकानात सगळे आकड्यांना अडतात, मी अडत नाही, दादांचे निमकी-पावकीचे पाढे इथं रोज कामाला येतात. आणि दादा, हे पत्र भटजींनी वाचलं तर त्यांना पुरं वाचायला लावा, ते गाळतात. मागच्या बाजूला अगदी कडेला एक ओळ होती: घरातील मंडळींची प्रकृती कशी आहे ते प्रत्येक पत्री विचारतो, उत्तर येत नाही. घरातील मंडळी म्हणजे मी. दोन वर्षं हे विचारत होते आणि भटजी गाळत होते. ती ओळ मात्र मी मनातल्या मनात वाचली.

"काही सोडलं काय?" मामंजींनी विचारलं.

"सोडलं," मी म्हटलं. "थोडं माझं होतं."

ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. ते पोरासारखं हमसून रडत होते आणि भर गल्लीत कोणाची लाज नाही. सासूबाई सरकत सरकत माझ्याजवळ आल्या. मला वाटलं मारतील. त्यांनी पिठाचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "ते लाडवाचं परत वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्या दिवशी लाडवाचं मी सात वेळा वाचलं असेल. काकू वरवंटा घेऊन आत गेल्या आणि जागेवर ठेवून आल्या.

संक्रांतीला हे आले, जिवंत, जरा वाळलेले. कोपऱ्याचा छडा यांनीच लावला. अकोल्याहून ज्या गाडीवानाबरोबर पत्र दिलं होतं, त्याच्याकडं तंबाखूचा चुना बांधायला कागद नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं, रीत बिचाऱ्याच्या ध्यानात आली नाही, वरचा एवढासा कोपरा फाडला आणि पुडी बांधली. बडनेऱ्याला पत्र दुसऱ्याच्या हातात गेलं. त्यानं कोपरा पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. पुढं मी त्या चुनेवाल्याला एकदा बडनेऱ्याला गाठलंच. तोपर्यंत आगगाडीच्या रुळांचं काम तिथं आलं होतं. हे "जाऊ दे" म्हणत होते, मी ऐकलं नाही. "माझं कुंकू तुह्या चुन्याच्या पुडीत गेलं होतं रे मेल्या!" असं चार माणसांत सुनावलं. त्यानं माझे पाय धरले. नंतर पुढची चार वर्षं तो माझ्यासाठी यांची पत्रं कापडाच्या घडीत गुंडाळून आणायचा.

त्या दिवसापासून घोंगडी ओट्यावर आली. लपवाछपवी संपली. गल्लीतल्या बायका आपापली पत्रं घेऊन यायच्या, मी वाचायचे, मामंजी शेजारी बसून शेंगा सोलत ऐकायचे. मी कंटाळून एखादी ओळ गाळली तर त्यांना कसं कळायचं देव जाणे, छडी आपटायचे. "पुरं वाच. कोणाचं तरी लेकरू आहे ते." भटजी रागावले. त्यांनी आमच्याकडं येणं सोडलं. मामंजींनी एकदाही बोलावलं नाही. दोन-तीन जणी सरकी निवडायला म्हणून घोंगडीवर बसायला लागल्या. त्यातल्या एकीला काकूंनी स्वतः पाठवलं होतं. काकूंची भाची ती, लहानपणीच विधवा झालेली.

मग तिकडची लढाई संपली, कापूस उतरला, शेंब्या विकल्या गेल्या. हे मात्र अकोल्यालाच राहिले. मी आणि मुलं अमरावतीला, मामंजींजवळ. मामंजी गेले तेही पौषातच. सकाळी दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सासूबाईंनी आतून काही विचारलं, उत्तर आलं नाही. मांडीवरचं सूप तसंच होतं, दाणे एका बाजूला, फोलपटं एका बाजूला.

काकूंनी सासूबाईंच्या बांगड्या फोडल्या. या वेळी कोणी हात आडवा घातला नाही. वाचायचं काही राहिलं नव्हतं.

यांना कळवायचं होतं. मी कागद घेऊन बसले. काकू म्हणाल्या, "आधी कोपरा फाड, पोरी." मी कोपरा चिमटीत धरला. माझं बोट काही जोर करेना. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ते बसायचे त्याच जागी. मोकळे हात मांडीवर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "नको फाडू. वाचू दे त्याले. दोन ओळी तं बाप जिता राहू दे त्याचा."

दोन ओळी नाही, मी दोन पानं लिहिली. वर श्री काढली. मामंजींनी परवा काय खाल्लं, नातवाला कुठला पाढा चुकला म्हणून छडी कशी आपटली, लसूण महाग झाला म्हणून कसे कुरकुरले, भाजी अळणी झाली म्हणून सासूबाईंशी कसे भांडले आणि मग तीच दोनदा कशी मागून घेतली. सगळं लिहिलं. सकाळची बातमी शेवटच्या ओळीत. हे सांगायचे, दुकानाच्या पायरीवर बसून ते पत्र वाचलं, आणि दोन पानं हसत होते.